सेरी मेनांतीला एकच ओळ?

मलेशियातल्या नेगेरी सेंबिलान राज्यावरच्या तुमच्या लेखात पोर्ट डिक्सनचे किनारे आणि सेरेंबानचं खाणं छान आलंय, पण सेरी मेनांती गावातल्या जुन्या राजवाड्याला जेमतेम एक ओळ मिळाली, याची हळहळ वाटली. १९०८ मध्ये पूर्ण झालेला हा लाकडी वाडा खिळ्यांशिवाय, नुसत्या सांध्यांवर उभा आहे. खांब ९९! इथले बरेच लोक मूळचे सुमात्रा बेटावरचे मिनांगकाबाऊ; त्यांच्या घरांच्या छपरांची टोकं वर उचललेली असतात. ही ठेवण सेरेंबानच्या सरकारी इमारतींवरही पाहायला मिळते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सुमात्राहून आलेल्या या लोकांची 'अदात पर्पातिह' ही रीत. कूळ आईकडून चालतं, वडिलार्जित जमीन लेकीकडे जाते, आणि तेही मुस्लिम समाजात. राजासुद्धा राजघराण्यातल्या पुरुषांमधून चार 'उंदांग', म्हणजे प्रांतप्रमुख, निवडतात. १७७३ मध्ये सुमात्रातल्या पागारुयुंगहून बोलावलेल्या राजा मेलेवारपासून ही गादी चालत आली. हे कळल्याशिवाय तो वाडा नुसती जुनी इमारत वाटतो.

आणि 'मसाक लेमाक चिली आपी' हा इथला तिखट रस्सा कसा विसरलात? नारळाचं दूध, ओली हळद, इवल्याशा जहाल मिरच्या. कोकणातल्या माणसाने तर भाताबरोबर खाऊन पाहावंच!