आस हाय फ्राय

काकीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "झिला, व्हिसा गावलो. आता तू एक काम कर. थयली रोजची वाक्यां माका लिवन धाड."

पाठोपाठ एकेरी वहीच्या पानाचा फोटो आला. काकी कुडाळजवळच्या प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, त्यामुळे समासासकट बावीस इंग्रजी वाक्यं आणि प्रत्येकापुढे उत्तरासाठी कोरी जागा. कुणा शेजारणीच्या युरोप सहलीच्या पुस्तिकेतून ती उतरवलेली होती. गाळलेल्या जागा भरा, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

सहा वर्षं लक्झेंबर्गात काढलेल्या पुतण्याला तिथली भाषा येत असणार, असा काकीचा समज. तो मीच खतपाणी घालून वाढवलेला. दर गणपतीत व्हिडिओ कॉलवर ‘मोयन’ म्हणायचो आणि कौतुक करून घ्यायचो. प्रत्यक्षात ऑफिसात इंग्रजी, दुकानात फ्रेंच, घराचा करारनामा फ्रेंच, आणि लक्झेंबर्गिश म्हणजे मंगळवारी संध्याकाळी दीड तास. तीही वर्गात, माझ्याइतकीच येणाऱ्या चौदा जणांबरोबर. कुडाळात पोहायला शिकायचं आणि विहीर मात्र कुणी दाखवायची नाही, असा प्रकार.

यात सगळाच दोष माझा नाही. देश आपल्या गोव्याहून लहान. वस्ती पावणेसात लाखांच्या आसपास, त्यात निम्म्याच्या जवळपास लोक परदेशी. 1984 साली कायदा करून त्यांनी लक्झेंबर्गिशला राष्ट्रभाषा ठरवलं. तो कायदा लिहिला फ्रेंचमध्ये. मूळचा लक्झेंबर्गर भेटलाच, तर तो तुमचा उच्चार ऐकून अतिशय सौजन्याने फ्रेंच किंवा इंग्रजीवर येतो. दादरला दोन मराठी माणसं टॅक्सीच्या भाड्यावरून अर्धा तास हिंदीत घासाघीस करतात आणि उतरताना एकमेकांचं गाव विचारतात, तसंच. फरक इतकाच की इथे गाव विचारायची पाळी येत नाही.

तरी बसलो लिहायला. ‘हॅलो’ सोपं. मोयन. मूळ अर्थ सकाळ, पण म्हणायचं दिवसभर. ‘हाऊ आर यू’लाही अडलो नाही. ‘वेइ गेट एट?’ म्हणजे कसं काय, आणि त्याचं उत्तर ‘एट गेट’, म्हणजे चाललंय. इतका आपल्यासारखा सूर दुसऱ्या कुठल्या युरोपीय भाषेत मला तरी ऐकू आलेला नाही.

घोडं अडलं ते ‘प्लीज’पाशी. वान एश गेलिफ्ट. अर्थ साधारण ‘आपल्याला रुचलं तर’. पाणी मागताना हे म्हणेपर्यंत तहान मरते. आणि काकीला प्लीज हवंय कशाला? जन्मात तिने कुणाला ‘कृपया’ म्हटलेलं नाही. कृपया एसटीच्या पाटीवर असतं. माणसं ‘जरा’ म्हणतात. जरा सरका, जरा मीठ द्या. या ‘जरा’ला लक्झेंबर्गिशमध्ये काय म्हणतात हे मी वर्गात विचारलं होतं. बाईंनी फळ्यावर ‘वान एश गेलिफ्ट’ लिहिलं. ‘थँक्यू’च्या बाबतीत मात्र ते आपल्यासारखेच निघाले. ‘धन्यवाद’ म्हणायला आपल्याला हातात माइक लागतो, म्हणून आपण इंग्रजांचं थँक्यू घेतलं. त्यांनी शेजारचं ‘मेर्सी’ घेतलं आणि विषय संपवला.

नववं वाक्य होतं ‘आय वुड लाइक अ कॉफी’. हे लिहिताना मी उठून खिडकी उघडली.

त्याचं असं झालं. ‘मला अमुक हवं होतं’ याला ‘एश हॅट गेअर’ म्हणतात. यातला ‘गेअर’ म्हणजे आवडीने, खुशीने. हा शब्द त्या भाषेत मिठासारखा सगळीकडे पडतो. ‘यू आर वेलकम’ म्हणजे ‘गेअर गेशिट’, खुशीने केलं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात, क्नुएडलर चौकातल्या शनिवारच्या बाजारात, मी एका आजीबाईंसमोर उभा होतो. गाजरं हवी होती. घरून घोकत आलो होतो. पुढच्या माणसाचं झालं, आजीबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून स्वच्छ, खणखणीत निघालं, ‘एश हुन इएश गेअर’. म्हणजे, माझं तुमच्यावर प्रेम आहे. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की आदरार्थी ‘तुम्ही’ बरोबर लागलं होतं.

आजीबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "मेर्सी," त्या म्हणाल्या. "झॉस नाख ॲपस?" आणखी काही?

मी बोटाने गाजरं दाखवली.

तर नववं वाक्य मी काकीला दिलंच नाही. ‘कॉफी’ एवढाच शब्द लिहिला, पुढे ‘बोट दाखव’ असं कंसात.

मग ‘न’चा विषय. शब्दाच्या शेवटी ‘न’ असेल तर तो पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर बघून राहायचं की जायचं ते ठरवतो. पुढे स्वर असेल, किंवा न, ड, ट, झेड, एच यांपैकी कुणी असेल, तर राहतो. बाकी कुणीही असलं तर बहुधा उठून जातो. पंगतीत शेजारी कोण बसलंय ते पाहून पाटावरून उठणारा रुसका जावईच. देशाचं ब्रीदवाक्य ‘मिर वेले ब्लाइवे वाट मिर झिन’, आम्हाला आहोत तसंच राहायचंय. त्यात ‘वेलेन’ आणि ‘ब्लाइवेन’ या दोघांचेही ‘न’ गळालेले, म्हणजे तसंच राहण्याच्या वाक्यातच दोन जण राहिले नाहीत. ‘मी लक्झेंबर्गिश शिकतोय’ हे सांगतानासुद्धा ‘शिकतोय’चा ‘न’ गाळावा लागतो. तो गाळला नाही की समोरच्याला कळतं की शिकतोय.

‘वन टिकेट प्लीज’ मात्र मी आनंदाने खोडलं. 2020पासून देशभर बस, ट्राम, रेल्वे सगळं फुकट आहे; रेल्वेच्या पहिल्या वर्गालाच काय ते पैसे. काकीला हे फोनवर सांगितलं तर पलीकडे शांतता. मग, "कोण कोणाक फुकट देता? उतारताना घेत असतीत."

त्याच फोनवर मी उत्तरं सांगायला बसलो. काकीचा हट्ट होता की श्रुतलेखन घ्यायचं, फोटो नको. सतराव्या वाक्यावर, ‘इज धिस सीट फ्री’, मी म्हटलं, "आस हाय फ्राय."

"थांब. ‘आस’ म्हणजे?"

"आहे."

"आसा!" काकी ओरडली. "अरे, आस म्हणजे आसा! आणि ‘हाय’?"

"हाय म्हणजे इथे."

"म्हणजे हय! आणि फ्राय?"

"मोकळी. रिकामी."

"ता मी सुरमईवरना लक्षात ठेवतंय."

सहा वर्षांत मला जे दिसलं नव्हतं ते तिला एका मिनिटात दिसलं. मग मलाही जोर चढला. सांगितलं की इथे मुलीबाळींना, ओळखीच्या बायकांना नावाने बोलताना ‘ती’ म्हणत नाहीत, नपुंसकलिंगी सर्वनाम लावतात, ‘हाट’. वर्गातल्या इटालियन मुलीने यावर भांडण काढलं होतं. काकीला काहीच विशेष वाटलं नाही. "आपणय चेडवाक ‘ता’च म्हणतव मां?" मग थोडं थांबून तिने विचारलं, "हेंकाय कोण ही बोली आसा, भाषा न्हय असा म्हणत होते काय रे?" जर्मनचीच एक बोली, असं पुष्कळ वर्षं म्हणत होते, मी सांगितलं. "म्हणतले," ती म्हणाली, आणि अठराव्या वाक्याकडे वळली.

ऑगस्टअखेर काका-काकी आले. पहिल्या सकाळी काकी माझ्या आधी तयार. बेकरीत गेलो. काउंटरवर विशीतली मुलगी. काकीने वही न उघडता म्हटलं, "मोयन! वेइ गेट एट?"

"पार्दों?" मुलगी म्हणाली.

काकीने पुन्हा म्हटलं, सावकाश, पहिलीच्या वर्गाला म्हणतात तसं. मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी फ्रेंचमध्ये दोन क्रॉसाँ मागितले.

"ता हयचा न्हय?" बाहेर आल्यावर काकीने विचारलं. नाही, मी सांगितलं, ती रोज सकाळी फ्रान्समधून येते आणि रात्री परत जाते. फ्रान्स, जर्मनी, बेल्जियमहून दोन लाखांवर माणसं अशी रोज कामाला येतात. कर्जत-कसाऱ्याहून मुंबईत यावं तसं, फक्त मध्ये देशाची हद्द. काकीने क्रॉसाँ चावला, गिळला. "मगे तेची भाषा कित्याक नाय शिकयलस?"

याला उत्तर नव्हतं.

संध्याकाळी शुबरफोअरला नेलं. ही ग्लासीच्या मैदानावरची जत्रा, 1340 साली योहान नावाच्या आंधळ्या राजाने सुरू केलेली. तिथे किसलेल्या बटाट्याची कुरकुरीत थापी मिळते, ग्रॉम्परेकिशेल्शर. ग्रॉम्पर म्हणजे बटाटा. (इथेही ‘ग्रॉम्परेन’चा ‘न’ पुढचा ‘क’ बघून पळालेला आहे.) पण दिवस सोमवारचा आणि थापीत अंडं असतं की नाही हे विचारायला हवं. अंड्याला लक्झेंबर्गिशमध्ये म्हणतात ‘ए’. संपला शब्द. काकीने तव्याकडे बोट केलं आणि विचारलं, "ए?"

तव्यामागचा बुवा वळला. "यो?"

‘यो’ म्हणजे हो. काकी दोन पावलं मागे सरली आणि काकांना म्हणाली, "आसा." काका गुपचूप दोन खाऊन आले.

चौथ्या दिवशी एश्टरनाखची बस. गर्दी होती. खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ, शेजारची जागा रिकामी. काकी त्यांच्यापुढे उभी राहिली. "आस हाय फ्राय?"

"यो, यो," म्हणत त्यांनी मांडीवर पिशवी ओढली. मग तिच्या साडीकडे पाहून उत्तम इंग्रजीत विचारलं, आपण कुठल्या देशातून आलात?

मी मागच्या सीटवरून पुढे वाकलो. पण काकीला उत्तर पाठ होतं. बाविसावं वाक्य. ‘आय डोंट अंडरस्टँड’. "एश फरश्टिन नेट," ती म्हणाली.

इंग्रजी येणाऱ्या माझ्या काकीने ते असं निर्विकार चेहऱ्याने म्हटलं की म्हाताऱ्यांचा नाइलाज झाला. ते हसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि लक्झेंबर्गिशमध्ये सुरू झाले. आधी सावकाश, मग त्यांच्या स्वतःच्या वेगाने. युंगलिन्स्टर आलं, गेलं. काकी दर दोन वाक्यांनी ‘यो’ म्हणत होती, मध्येच ‘एट गेट’. एकदा ते डोळे पुसतायत असं वाटलं, एकदा दोघंही मोठ्याने हसली. उतरताना त्यांनी काकीचा हात दोन्ही हातांत घेतला.

बस गेल्यावर काकी वळली. "काय म्हणालो रे तो?"

सहा वर्षं आणि कित्येक मंगळवार. मी मनात सगळं गोळा केलं.

"काल," मी म्हटलं. "आणि बटाटे."

"पाऊण तास?"

"मोठी जमीन असेल."

काकीने पिशवीतून वही काढली, तारीख घातली. पहिल्या ओळीवर लिहिलं: गेश्टर, काल. मग सहा ओळी मोजून सोडल्या आणि सातवीवर लिहिलं: ग्रॉम्पर, बटाटा. पेनचं टोपण लावलं नाही. वही तशीच माझ्यापुढे धरली.

"आता मदला तू लिव."