टर्बो नसलेला टर्बो

आज सकाळी पार्ट्सच्या दुकानात काउंटरवरच्या एका विशीतल्या पोराने मला सगळ्यांसमोर विचारलं, "सर, तुमच्या ट्रकला ट्रान्समिशन आहे हे नक्की ना?"

झालं असं, की मिशिगनमध्ये राहून चाळिशीत लोक मॅरेथॉन पळतात, मी १९७२ ची शेवरले सी-१० पिकअप ट्रक घेतली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, म्हणजे इथल्या भाषेत ट्रान्समिशन, खालून गळतोय, म्हणून त्याच्या तळाच्या तेलाच्या पॅनचं गॅस्केट आणि फिल्टर हवा होता, बास.

"इंजिन?"
"३५०."
"ट्रान्समिशन?"
"बहुतेक ३५०."
"सर, इंजिन लिहिलं मी, ट्रान्समिशन सांगा."
"तेच सांगतोय. टर्बो ३५०."
"अच्छा, टर्बो बसवलाय?"
"टर्बो नाहीये. नाव टर्बो आहे."

त्याने कीबोर्डवरचे हात काढून घेतले. आता त्याला काय सांगू, की पूर्ण नाव टर्बो-हायड्रामॅटिक, आणि इंजिनचे ३५० म्हणजे क्युबिक इंच पण गिअरबॉक्सचे ३५० म्हणजे नुसतं नाव! आमच्या गावात दोन दत्ता पाटील होते तर लोकांनी एकाला डेअरीवाला आणि दुसऱ्याला भांडखोर करून विषय मिटवला, या एवढ्या मोठ्या कंपनीला दुसरा आकडा सुचला नाही?

तेवढ्यात मागून कॉफीचा कप घेतलेले एक आजोबा पुढे सरकले. "पॅनला बोल्ट किती?"

याचीच वाट बघत होतो मी. पहाटे ड्राइव्हवेवर उताणं पडून, लाल तेल चष्म्यावर झेलत, दोनदा मोजले होते. "तेरा!"

आजोबांनी सावकाश एक घोट घेतला. "३५० ला तेरा. टर्बो ४०० नावाचा दुसरा गिअरबॉक्स आहे, त्यालाही तेराच."

मग मोजायला कशाला लावता?

"आकार बघायचा. ३५० म्हणजे चौकोन, एक कोपरा कापलेला. ४०० चा पॅन टेक्साससारखा." आणि माझ्याच पावतीच्या मागे त्यांनी टेक्सास काढला. माझ्या डोक्यात नकाशा एकच, चौथीच्या भूगोलातला. म्हटलं, असं उजवीकडे गडचिरोलीसारखं खाली आलंय का? आणि बाजूला काढूनही दाखवलं. आजोबा म्हणाले, हे काय ते माहीत नाही पण हा टेक्सास नाही. रांगेतला एक जण म्हणाला, बुटासारखा दिसतो. दुसऱ्याने पावती उलटी करून बघितली. काउंटरवाल्या पोराने फोटो काढला, कशासाठी देव जाणे.

"बरं, किकडाउनला केबल आहे का वायर?" आजोबा हटेनात. किकडाउन म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की गिअर खाली उतरवणारी जोडणी. "केबल म्हणजे ३५०, वायर म्हणजे ४००."

"दोन्ही आहेत," मी म्हटलं. "आधीच्या मालकाने दोन्ही चिकटपट्टीने फ्रेमला बांधून ठेवल्यात. दोन्ही कुठेच जात नाहीत."

यावर पोराचा तो प्रश्न आला.

शेवटी आजोबांनी निकाल दिला, ४०० च. मी ४०० चं गॅस्केट घेतलं. घरी येऊन पॅन उतरवला, अर्धं तेल टबात, अर्धं सॉक्समध्ये. चौकोन. एक कोपरा सुरीने कापल्यासारखा. ३५०. आणि गॅस्केटचं पाकीट फोडलेलं म्हणून परत घेणार नाहीत.

खरं सांगू का, राग आजोबांचा नाही. पन्नास वर्षांत ज्या ट्रकमध्ये कोणी काय काढलं, काय घातलं देवाला माहीत, त्याचा पार्ट ते कॉम्प्युटर वर्ष आणि मॉडेल विचारून काढणार! भिंतीवर पॅनच्या आकारांचा एक साधा तक्ता लावला असता तर? पण नाही, तिथे वायपरची जाहिरात आहे.

मिरजेला मामाला फोन केला, त्याने आयुष्य टाटा १२१० च्या खाली काढलंय, त्याला ऑटोमॅटिक म्हणजे काय तेही पटत नाही. सगळं ऐकून म्हणाला, "अरे, आधी पॅन काढून दुकानात न्यायचा ना. आम्ही साधा वायसर आणायचा तरी जुना खिशात घालून न्यायचो."

फोन ठेवला मी.

आता ते गॅस्केट जेवणाच्या टेबलावर पडलंय. चारी बाजूंनी फिरवून बघितलं. टेक्सास कुठूनच दिसत नाही.