‘जाहिराती काढून उत्पन्न निम्म्यावर आणलं’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. पण ‘दोन जाहिराती काढल्या, मेच्या निम्मंही जुलैत मिळालं नाही, टक्के मात्र घेतले’ असं चारचौघांत लिहिलंत, म्हणून उत्तरही इथेच देणं भाग आहे. तुमच्या साइटवरच्या जाहिराती आम्ही सांभाळतो आणि उत्पन्नातले ठरलेले टक्के घेतो. कुडाळ-मालवणात आम्हाला कामं तोंडी शिफारशीवरच मिळतात.

तुमची साइट स्कूबा, किल्ल्याची होडी आणि तारकर्लीतल्या मुक्कामाची. पावसाळ्यात होड्या बंद. मग ही पानं शोधणार कोण? तुलना गेल्या जुलैशी करा, मेशी नको. आणि बघायचा तो पेज आरपीएम, म्हणजे पान हजार वेळा उघडलं की मिळणारं उत्पन्न: उत्पन्न भागिले पेज व्ह्यूज (पानं उघडल्याची संख्या), गुणिले १०००. तो मेपेक्षा घटलेला नाही, घटले ते व्ह्यूज. रिपोर्ट तुमच्या मेलवर आहे.

मेचा आकडाही तुम्ही अंदाजित उत्पन्नाचा धरलात. महिना संपला की ॲडसेन्स, म्हणजे जाहिराती पुरवणारी गुगलची सेवा, अवैध क्लिक (चुकून किंवा खोटे पडलेले) वजा करून अंतिम रक्कम ठरवतं आणि तीच बँकेत येते. आमचे टक्केही तिच्यावरच. ते क्लिक येत कुठून होते? शीर्षकाखालची जाहिरात उशिरा लोड व्हायची, मजकूर धपकन खाली सरकायचा आणि ‘होडीचे दर’वर जाणारा अंगठा जाहिरातीवर पडायचा. म्हणून ती काढली. पहिल्या परिच्छेदानंतरच्या ३०० बाय २५०च्या जाहिरातीला २५० पिक्सेलची मिन-हाइट (किमान उंची) देऊन जागा आधीच राखून ठेवली. सीएलएस, म्हणजे पान लोड होताना मजकूर किती सरकतो त्याचं माप, ०.१च्या आत आला तो त्यामुळेच. दुसरी काढली कारण मोबाइलवर जाहिरातींची उंची मजकुराच्या भागाच्या ३० टक्क्यांवर गेली होती. तसं राहिलं तर क्रोम ब्राउझर साइटवरच्या सगळ्याच जाहिराती अडवू शकतं. नुसत्या जाहिराती वाढवून पैसे वाढत नाहीत, सर.

आणखी एक. जुलैत तुम्ही आम्हाला न कळवता होस्टिंग बदललंत, त्यात ॲड्स डॉट टीएक्सटी फाइल (साइटवरची जाहिरातीची जागा कोण विकू शकतं, त्याची यादी) गेली. ती नसेल तर जाहिरातीच्या जागेचे बरेच खरेदीदार बोलीच लावत नाहीत. फाइल आम्ही परत चढवली, एक रुपयाही घेतला नाही. रिव्ह्यूत त्याचा उल्लेख असता तर बरं वाटलं असतं.

पुढच्या रिपोर्टपासून अंतिम रक्कम वेगळ्या रकान्यात दाखवू. होड्या सुरू होईपर्यंत मांडणी आहे तशीच राहू द्या आणि होस्टिंग बदलण्याआधी किंवा साइटच्या हेडरमध्ये नवीन कोड टाकण्याआधी एक मेसेज तेवढा करा.