स्वतंत्र राष्ट्र स्थापू इच्छिणाऱ्यांस काही व्यवहारी सूचना

आपल्या मनात एखादे स्वतंत्र राष्ट्र स्थापन करण्याचे असेल, तर दारूगोळ्याची जमवाजमव मागाहून करावी. आधी शब्दांचे सोवळे पाळायला शिकावे. या विद्येत अमेरिकेच्या संस्थापकांचा हात धरणारे कोणी सहसा सापडणार नाही.

आरंभ स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून करावा. थॉमस जेफरसन यांनी १७७६ च्या जूनमध्ये फिलाडेल्फियातील भाड्याच्या दोन खोल्यांत सर्व माणसे समान असल्याचे लिहून काढले, तेव्हा त्यांच्या दिमतीला रॉबर्ट हेमिंग्ज हा चौदा वर्षांचा गुलाम मुलगा होता. आपणही घरकामाची अशीच सोय लावून मग लेखणी उचलावी, म्हणजे समतेचे चिंतन निर्वेध चालते. भावनेच्या भरात गुलामांच्या व्यापारावरून इंग्लंडच्या राजाला चार शब्द सुनावले गेले, तरी बिचकण्याचे कारण नाही. जेफरसन यांनीही सुनावले होते. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया यांना ते रुचले नाही आणि सारा परिच्छेद गाळला गेला.

राज्यघटना लिहिताना मात्र दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, भर उन्हाळा असला तरीही. १७८७ साली फिलाडेल्फियात जमलेल्या ५५ प्रतिनिधींनी तेच केले, आणि शेवटी ३९ जणांनी सह्या केलेल्या त्या घटनेत ‘गुलाम’ हा शब्द शोधूनही सापडत नाही. तेथे आहेत ‘इतर व्यक्ती’. अशा पाच व्यक्ती मोजायच्या तीन, आणि त्याही मालकाच्या राज्याच्या खात्यावर. १७९० च्या जनगणनेत एकट्या व्हर्जिनियात सुमारे २,९३,००० गुलाम भरले. त्यांतले सुमारे १,७५,००० जण प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना हिशेबात धरले गेले आणि मतदानाच्या दिवशी एकही नाही. आफ्रिकेतून माणसे आणण्यावर १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नव्हती, मात्र माणशी दहा डॉलरपर्यंत कर बसवण्याची मुभा होती. हा दहाचा आकडा लक्षात ठेवावा.

राष्ट्र उभे राहिले की आपल्याला राष्ट्राध्यक्षपद सांभाळावे लागेल आणि येथे पंचांग हाताशी हवे. राजधानी फिलाडेल्फियात आली, तेव्हा पेनसिल्व्हेनियाचा १७८० चा कायदा जॉर्ज वॉशिंग्टन यांना आडवा आला: बाहेरून आणलेला गुलाम राज्यात सलग सहा महिने राहिला की त्याला मुक्त होता येई. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सभासदांना यातून सूट होती, राष्ट्राध्यक्षांना नव्हती. मग सहा महिने भरत आले की गुलामांना व्हर्जिनियातील आपल्या मळ्यावर, माउंट व्हर्ननला, पाठवावे, किंवा थोड्या वेळासाठी डेलावेअर नदीपलीकडे न्यू जर्सीत फिरवून आणावे. हा डाव १७८८ च्या दुरुस्तीने बेकायदा ठरवलेला होता, ही गोष्ट गौण समजावी. हे काम लोकांनाही आणि त्या गुलामांनाही चकवील अशा निमित्ताने व्हावे, असे वॉशिंग्टन यांनी १७९१ साली आपल्या चिटणिसाला लिहून कळवले. (कधीही खोटे न बोलण्याविषयी त्यांची जी ख्याती शाळेत शिकवतात, ती या पत्राच्या आधीची असावी.) पळालेल्या गुलामांना परत आणण्याच्या १७९३ च्या कायद्यावरही त्यांचीच सही आहे, दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

एवढी खबरदारी घेऊनही घात होतो. वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांची खास दासी ओना जज हिला कळले, की बाईसाहेबांच्या नातीला लग्नाची भेट म्हणून आपल्याला देऊन टाकायचे ठरले आहे. नातीचे यजमान ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बिहारमध्ये गबर होऊन आलेले गृहस्थ होते, तेव्हा स्थळ चांगलेच म्हणायचे. तरीही १७९६ च्या मे महिन्यात, घरात व्हर्जिनियाला जाण्याची बांधाबांध चालू असताना, ओनानेही आपले गाठोडे बांधले आणि धनी-धनीण जेवायला बसलेली असताना ती घरातून निघाली. पुढे ती जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली.

अशा वेळी संतापून जाऊ नये. कारभाऱ्याकरवी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी. वॉशिंग्टन यांच्या कारभाऱ्याने दिलेला मसुदा आपल्याला जसाच्या तसा वापरता येईल: मुलीचे वर्णन, तिच्याजवळच्या कपड्यांचा उल्लेख आणि शहरात किंवा बंदरातल्या जहाजावर सापडल्यास दहा डॉलर इनाम. ती कुठे गेली असावी याचा अंदाज बांधणे सोपे नाही, असेही त्यात नमूद आहे, कारण ती पळेल असा संशय कोणाला नव्हता आणि पळून जावे असे काही घडलेलेही नव्हते.