एस-४ शापित नव्हती

आज सकाळी एका ग्रुपवर "जगातल्या शापित बोटी" अशी यादी फिरत आली. त्यात अमेरिकेची एस-४ पाणबुडी, आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

शापित? १९१९ साली नौदलात दाखल झालेली ही बोट अमेरिकेतल्या पोर्ट्समथहून निघून हवाई बेटांवरून फिलिपाइन्समधल्या कॅविटे बंदराला पोचली. तोवर अमेरिकी पाणबुड्या एवढ्या लांब कधी गेल्याच नव्हत्या. १९२४ च्या अखेरीपर्यंत ती तिकडेच होती, चीनच्या बंदरांतही जाऊन आली. यादीत यातलं अक्षर नाही.

१७ डिसेंबर १९२७. मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनजवळ एस-४ पाण्याखालून वर येत होती. दारूच्या तस्करांवर पाळत ठेवणारी तटरक्षक दलाची पॉल्डिंग ही विनाशिका तिच्यावर आदळली. बोटीत ४० माणसं, आणि ती बुडून सुमारे १०० फूट खोल तळाशी गेली. दुसऱ्या दिवशी टॉम ईडी हा गोताखोर खाली उतरला, त्याने पत्र्यावर ठोकलं आणि पुढच्या टॉर्पेडोच्या खोलीतून उत्तर आलं. सहा ठोके. सहा जण जिवंत होते.

माझे वडील मुंबईच्या गोदीत फिटर. टाकीचं झाकण लावण्याआधी हातोडीने ठोकायचं आणि कान लावून थांबायचं, हा त्यांचा शिरस्ता. एकदा आतून ठोका आला. रंगाच्या वासाने गुंगी येऊन एक पोरगा आतच पडला होता. "ठोका आला की बाकीची कामं बंद," बाबा सांगायचे.

एस-४ चे ठोके तर सगळ्यांनी ऐकले. जवळजवळ तीन दिवस ते येत होते. मग थांबले. ४० पैकी एकही वाचला नाही.

वादळ होतं, मान्य. ईडीने तर खाली अडकलेल्या आपल्या जोडीदाराला जिवावर उदार होऊन सोडवलं, मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं. त्या माणसांबद्दल मी ब्र काढणार नाही. पण दोनच वर्षांपूर्वी एस-५१ ही पाणबुडी बुडून ३३ जण गेले होते ना? त्यानंतर मॉमसेन नावाच्या अधिकाऱ्याने बुडालेल्या पाणबुडीतून माणसं काढायच्या घंटेचा, म्हणजे माणसं आत घेऊन वर आणायच्या घंटेसारख्या पोलादी खोलीचा, प्रस्ताव लिहून पाठवला होता ना? तो कचेरीत पडून राहिला, आणि शेवटी व्यवहार्य नाही म्हणून फेटाळला. बाबांच्या टाकीपाशी दोर होता, झाकणाशी माणूस उभा होता, म्हणून तो पोरगा घरी गेला. इथे ठोके ऐकणारे होते, दोर नव्हता. आणि तुम्ही म्हणता शाप! शापावर ढकललं की फाइल दाबणारा सुटला.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. कारण पुढचं मला फार मोठं वाटतं. मार्च १९२८ मध्ये एस-४ वर काढली, दुरुस्त केली आणि बचावाच्या प्रयोगांसाठीच पुन्हा सेवेत घेतली. पाण्याखाली श्वास घ्यायचं आपलं उपकरण तोंडाला लावून मॉमसेन स्वतः तिच्यातून बाहेर पडला. घंटाही अखेर तयार झाली. १९३९ मध्ये स्क्वालस पाणबुडी २४० फुटांवर बुडाली, तेव्हा त्या घंटेतून ३३ माणसं जिवंत वर आली. आज आपल्या नौदलाकडेही बुडालेल्या पाणबुडीतून माणसं काढणारी छोटी पाणबुडी आहे, २०१८ पासून.

एस-४ मात्र १९३६ मध्ये समुद्रात बुडवून टाकली. जुनं लोखंड सांभाळायला पैसा लागतो, ठीक आहे. तरी निदान तिचा तो पुढचा भाग एखाद्या नौदल शाळेत ठेवायला हवा होता, आणि प्रस्तावांवर सही करणाऱ्या प्रत्येक साहेबाला आधी तिथे नेऊन उभं करायला हवं होतं.