प्रतिक्रियेला उत्तर : बायकोचं ऐकलं नाही, मग परक्याचं कसं ऐकलं?

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायला बसलो आणि दोन ओळींतच थांबलो, कारण तुमच्या रागामागे जे आहे त्याला घाईघाईत काहीतरी खरडून देणं बरं नाही वाटलं. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेल्या आठवड्यात मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे एए (दारू सोडू पाहणारे लोक मीटिंगांमध्ये भेटून एकमेकांना साथ देतात ती संघटना) जिथून सुरू झालं त्या दोन माणसांच्या मैत्रीवर लिहिलं होतं. त्यावर ताईंचं म्हणणं असं की दोस्तांनीच माझ्या नवऱ्याला बाटलीला लावलं आणि तुम्ही दोस्तीचे गोडवे गाताय, बायको अठरा वर्षं रडून सांगते ते कानात शिरत नाही आणि कोण कुठला परका दोन तास बोलला की माणूस सुधारतो, मग आम्ही एवढी वर्षं काय केलं? आणि आजार आहे म्हणता तर दवाखान्यात न्या ना, गप्पा कसल्या मारता? शेवटी तुम्ही लिहिलंय की चार वर्षांपूर्वी ते गेले.

दोस्तांचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे, त्यावर वाद नाही. माझ्या दादाचेही पाच-सहा 'बसणारे' होते, रोज संध्याकाळी फोन यायचा, येतोस का बसायला. दादा ॲडमिट झाला तेव्हा त्यातला एकही फिरकला नाही. मी त्या मैत्रीबद्दल लिहिलंच नव्हतं, पण फरक नीट सांगितला नाही हेही खरं.

आता त्या दोन माणसांच्या ॲक्रनच्या गोष्टीकडे परत जातो, कारण तिच्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी मागच्या वेळी पुसट करून टाकली. 1935 चा मे महिना, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन, मेफ्लॉवर नावाचं हॉटेल. बिल विल्सन न्यूयॉर्कहून एका कंपनीच्या कामासाठी आलेला, काम फसलेलं, खिशात दहा-एक डॉलर, दारू सोडून पाच महिने झालेले. लॉबीच्या एका बाजूला बार, आतून हसण्याचे आवाज येतायत, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि चर्चच्या नावांची यादी. त्या पाच महिन्यांत त्याने न्यूयॉर्कमध्ये कितीतरी दारुड्यांना धरून उपदेश केला होता आणि एकाचीही सुटली नव्हती. एकाचीही नाही! पण त्या सगळ्या खटाटोपात त्याने स्वतः प्यायली नव्हती, आणि हे त्याच्या लक्षात आणून दिलं त्याच्या बायकोने, लोइसने. म्हणून त्याने बारकडे न जाता फोन उचलला आणि अनोळखी लोकांना विचारत सुटला की मला बोलायला इथला कुणी दारुडा मिळेल का. म्हणजे तो कुणाला वाचवायला निघाला नव्हता ताई, त्याला त्या संध्याकाळी स्वतःला वाचवायचं होतं.

भेटला तो डॉक्टर बॉब स्मिथ. सर्जन, वय 55, बिलपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठा, हात थरथरतायत. बायको ॲन घेऊन आली म्हणून आला आणि पंधरा मिनिटांत उठणार असं आधीच ठरवून आला. बसला सहा तास. दारू लिव्हरचं काय करते हे त्या माणसाला कोण सांगणार, तो स्वतः डॉक्टर! उपदेश त्याने आयुष्यभर ऐकले होते. समोरचा मात्र फक्त स्वतःचं सांगत होता, कुठे लपवायचो, काय खोटं बोलायचो, आणि वर म्हणत होता की तू ऐकतोयस म्हणून आज मी वाचतोय. ज्याला वर्षानुवर्षं तू ओझं आहेस एवढंच ऐकायची सवय, त्याला कुणीतरी सांगतंय की मला तुझी गरज आहे. माझं सगळं म्हणणं याच एका वाक्यात आहे आणि तेच मागच्या वेळी नीट आलं नाही.

आणि लगेच सगळं गोड झालं असंही नाही. बॉब काही आठवड्यांतच एका मेडिकल कॉन्फरन्सला गेला आणि तिथे परत प्यायला. शेवटची दारू 10 जूनला, तोच दिवस पुढे एएचा स्थापना दिवस धरला जातो, आणि त्यानंतर 1950 मध्ये जाईपर्यंत तो प्यायला नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मग बायकोने काय केलं?

लोइसचं सांगतो. 1918 साली लग्न, नवरा पिऊन पडलेला असताना डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नोकरी करून घर तिने चालवलं. तो सुटल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता ना? एका रविवारी तो म्हणाला चल लवकर, मीटिंगला उशीर होतोय, आणि तिने बूट भिरकावला, खड्ड्यात गेल्या तुझ्या मीटिंगा! सतरा वर्षं मी जीव काढला आणि जे मला जमलं नाही ते दुसऱ्यांनी करून दाखवलं, हा सल तिने पुढे स्वतःच लिहून ठेवलाय. तुमची प्रतिक्रिया वाचताना मला तो बूट आठवत होता ताई. तिने पुढे 1951 मध्ये पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ॲलेनॉन नावाची एएसारखीच संघटना उभी केली, कारण मीटिंग चालू असताना बाहेर ताटकळणाऱ्या, नाहीतर चहा करणाऱ्या बायकांची अवस्था तिला आतून माहीत होती.

आमच्या वहिनीनेही भांडं आपटलं होतं. दादाची एएची पहिली मीटिंग एका शाळेच्या वर्गात होती, वहिनी बाहेर पायरीवर पर्स मांडीवर घेऊन दीड तास बसलेली, आणि दादा मीटिंगमधल्याच एका रिक्षावाल्याबरोबर हसत बाहेर आला. हसत! बँकेतला कॅशियर माणूस, नोटा मोजताना हात कापायला लागले म्हणून काउंटरवरून उठवलेला, घरात आठ महिने कुणाशी नीट बोलला नव्हता. वहिनी घरी येईपर्यंत गप्प आणि ओट्याशी गेल्यावर पातेलं आपटून म्हणाली, मी सांगत होते तेव्हा कुठे होते हे कान?

मी यावर खूप विचार केलाय. वहिनीच्या शब्दात कमी काही नव्हतं, पण ती बोलली की दादाला मोडलेली एफडी ऐकू यायची, गहाण टाकलेल्या पाटल्या ऐकू यायच्या, पोरीच्या गॅदरिंगला घातलेला गोंधळ ऐकू यायचा, आणि ते ऐकवेना म्हणून तो आणखी प्यायचा. रिक्षावाल्याचं त्याच्याकडे काही येणं नव्हतं. आणि परकेसुद्धा हरतातच, ते न्यूयॉर्कचं वर सांगितलंच. तेव्हा तुमचे मिस्टर गेले यात तुम्ही कुठे कमी पडलात असं कृपा करून मनात आणू नका.

तो रिक्षावाला दादाहून चौदा वर्षांनी लहान. रोज सकाळी सव्वासहाला खाली येऊन दोनदा हॉर्न द्यायचा, मग टपरीवर दोन कटिंग आणि बँकेची बस येईपर्यंत गप्पा. पहिले पाच-सहा महिने दादाला वाटायचं की हा बिचारा माझ्यासाठी येतो. एक दिवस हॉर्न वाजला नाही, फोन बंद, दादा विचारत विचारत त्याच्या खोलीवर गेला तर हा जमिनीवर बसलेला, समोर क्वार्टर, सील न तोडलेली. रात्रीपासून तसाच बसला होता. दादा काही बोलला नाही, शेजारी बसला, बऱ्याच वेळाने दोघांनी मिळून ती मोरीत ओतली आणि वास जाईपर्यंत तांब्या तांब्या पाणी टाकत राहिले. त्या दिवशी घरी आल्यावर दादा मला म्हणाला, अरे, मी गेलो नसतो तर? त्यानंतर दादा बदलला. त्याआधी तो फक्त न पिता जगत होता. आता सकाळी सहाला तोच खाली जाऊन उभा राहायला लागला.

डॉक्टरचं म्हणाल तर तुमचं शंभर टक्के बरोबर, ते न लिहिणं ही माझी चूक. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो, त्यामुळे आधी दवाखाना. ॲक्रनमध्येही 1939 पासून सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बॉब आणि तिथली नन सिस्टर इग्नेशिया पेशंट दाखल करून घ्यायचे. आपल्याकडे पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये सुरू झालं, ते सुरू करणाऱ्यांत सुनंदा अवचट या मानसोपचारतज्ज्ञ होत्या, आणि तिथेही बरे झालेले लोक नव्या पेशंटांबरोबर काम करतात. दोन्ही लागतं. खुद्द बिल विल्सनला एवढी मित्रमंडळी असूनही 1940 च्या दशकात डिप्रेशनने गाठलं, ते कितीतरी वर्षं टिकलं आणि तो मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला. 2020 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने 27 अभ्यास, दहा हजारांहून जास्त माणसं एकत्र करून पाहिलं, तर एएशी जोडून देणाऱ्या उपचारात वर्षभराने पूर्ण सोबर राहिलेले 42 टक्के आणि इतर मानसोपचारांत 35. फरक आहे, पण निम्म्याहून जास्त माणसांना दोन्हीकडे ते जमलं नाही हेही त्याच आकड्यात आहे.

वहिनीचं राहिलं. ती वर्षभराने ॲलेनॉनला गेली, तेही मी रिक्षात बसवून सोडली म्हणून. तिथे तिला पोळी-भाजी केंद्र चालवणारी एकजण भेटली, जिचा नवरा अजून पितो. तेव्हा मला सकाळी उठावंसंच वाटायचं नाही रे, हे वहिनीने मला कालपरवा सांगितलं, इतकी वर्षं आम्हाला कुणाला कळलंही नाही. त्या बाईला एका गुरुवारी ऑर्डर जास्त होती म्हणून वहिनी पोळ्या लाटायला गेली ती आजवर दर गुरुवारी जाते, आणि बाकी दिवस दुपारी तीनला फोन. कधी दोन मिनिटं, कधी तासभर.

काल तुमची प्रतिक्रिया तिला वाचून दाखवली. ती परत एकदा वाच म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, त्यांना विचार, दुपारी तीन-साडेतीनला मोकळ्या असतात का.