पॉप-अप पुस्तकं फाटतात हे मान्य सर, पण तेवढ्यावर ती बाद करू नका

सर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायला बसले होते पण मुद्दे बिनबुडाचे नव्हते म्हणून दोन दिवस घेतले. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या महिन्यात मी राक्षसी आकाराच्या प्राचीन प्राण्यांच्या पॉप-अप पुस्तकांवर, म्हणजे पान उघडलं की कागदाचा प्राणी उभा राहतो त्या पुस्तकांवर, लिहिलं होतं. सरांचं म्हणणं असं की हे पुस्तक नव्हेच, खेळणं आहे, अठराशे रुपयांचं खेळणं आठ दिवसांत फाटतं, वाचायला धड दहा ओळी नाहीत, प्राणी सगळे परदेशी, आणि पोरांच्या डोक्यात आकाराचा आणि काळाचा घोळ होतो तो वेगळाच. सरांनी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय, त्यामुळं हे वाऱ्यावर सोडून देण्यासारखं नाही.

आधी माझी चूक. मी मॅमथला आणि उडणाऱ्या टेरोसॉरला डायनासोरांच्या यादीत टाकलं होतं. दोन्ही डायनासोर नव्हेत. टेरोसॉर हे डायनासोरांचे भाऊबंद म्हणता येतील पण घराणं वेगळं, आणि मॅमथ तर हत्तीच्या कुळातला. पक्षी सोडले तर डायनासोर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि शेवटचे मॅमथ रशियाच्या उत्तरेला रँगेल बेटावर साधारण ४ हजार वर्षांपूर्वीपर्यंत हिंडत होते, म्हणजे इजिप्तमधे गिझाचे पिरॅमिड बांधून झाले होते तेव्हा. पोस्ट दुरुस्त केलीय, तुमचे आभार.

काळाचा घोळ होतो हेही खरंय. एका पानावर स्टेगोसॉरस, पुढच्या पानावर टी-रेक्स, पोराला वाटणार दोघं शेजारी राहत होते. त्यावर आम्ही दोरी लावतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या बोळात रविवारी सकाळी सात-आठ पोरं जमतात, त्यांना नाड्याची लांब दोरी दिली आणि ठरवलं की १ कोटी वर्षांना एक फूट. आज म्हणजे दोरीचं टोक. टी-रेक्सची गाठ साडेसहा फुटांवर बसली, स्टेगोसॉरसची पंधरा फुटांवर. म्हणजे टी-रेक्सपासून स्टेगोसॉरस साडेआठ फूट लांब आणि आपण साडेसहाच, आणि हे बघून पोरं जी गप्प झाली ना सर, तुम्ही असायला पाहिजे होतात. मॅमथची गाठ मारताच येईना, पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीत ४ हजार वर्षं संपली. पण हे मला मान्य करावं लागेल की पुस्तकानं हे काम केलं नाही, दोरीनं केलं. पुस्तकानं फक्त पोरांना दोरीपर्यंत आणलं.

आता खेळणं म्हणता त्याबद्दल. हलणारी पानं मुळात पोरांसाठी निघालीच नव्हती. १५४० मधे जर्मनीत पेट्रुस आपियानुसनं खगोलशास्त्राचा ग्रंथ छापला, त्यात ग्रहांची स्थानं काढायला कागदाच्या फिरत्या चकत्या एकावर एक बसवल्या होत्या, राजेलोकांनी हातानं फिरवायच्या. १५४३ मधे वेसालियसच्या शरीरशास्त्राच्या छापील पानांत अवयवांची चित्रं कापून एकावर एक चिकटवायची सोय होती, शिकणाऱ्यांसाठी. पोरांच्या वाट्याला हे १८ व्या शतकात लंडनमधे आलं, तेव्हा झडपा उचलून चित्र बदलायची साधी पुस्तकं होती. म्हणजे हात लावून समजून घ्यायचं पान ही जुनी आणि गंभीर गोष्ट आहे. आणि किंमत का जास्त तर ही पुस्तकं आजही हातानंच जुळवावी लागतात, एकेका पानावर कागदाचे डझनावारी तुकडे, प्रत्येकाला घडी आणि गोंद, मशीन छापतं आणि कापतं पण चिकटवायला माणूसच लागतो.

फाटण्याचं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त तिथंच बोलायचंय.

आमच्याकडच्या टी-रेक्सचा जबडा तिसऱ्या रविवारी फाटला. सहा वर्षांच्या एका पोरीनं तो उघडझाप करताना वरचा जबडा धरून ओढला आणि चर्रकन आवाज झाला. रडायच्या बेतात होती. मी म्हटलं थांब, आत काय आहे ते बघूया तरी. आणि सर, आत काय होतं माहितीये का, दोन तुकडे पानाच्या मधल्या घडीच्या दोन बाजूंना तिरके चिकटवलेले, इंग्रजी व्ही उलटा पसरावा तसे. पान उघडलं की दोन्ही तुकडे बाजूंना ओढले जातात आणि मधली घडी वर येते, पान मिटलं की तीच घडी आत आडवी पडते. एवढंच. सगळा राक्षस त्या एका घडीवर उभा. पोरीनं बोटानं ती घडी चार-पाच वेळा वरखाली केली आणि म्हणाली, "मावशी, ह्यो उठतोय म्हंजे पान त्याला ढकलतंय व्हय?" फाटलं नसतं तर हे तिला कधीच दिसलं नसतं.

मग दुरुस्ती. सेलोटेप लावू नका, हे मी सगळ्यांनाच सांगते, टेप पिवळी पडते, ताठ होते आणि पुढच्या वेळी तिच्या कडेनंच कागद फाटतो. आम्ही जुनी लग्नपत्रिका घेतली, तिचा कार्ड बरोबर त्या जाडीचा असतो, घराघरात ढीगभर पडलेला असतो. एक गोष्ट बायंडिंगवाल्या काकांनी शिकवली, कागदाला दिशा असते, एका बाजूनं वळवला तर सहज वळतो आणि दुसऱ्या बाजूनं कुरकुरतो, घडी सहज वळतो त्या दिशेनंच घ्यायची नाहीतर महिन्याभरात तडे जातात. मग घडीच्या रेघेवर पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेननं ओढायचं, फेविकॉल बोटानं अगदी पातळ, आणि चीर बुजवायला पांढरा पतंगाचा कागद, रंगीत नको, ओला झाला की रंग सोडतो. वरून जाड डिक्शनरी ठेवून रात्रभर तसंच. दुसऱ्या दिवशी जबडा उघडला तेव्हा आतल्या बाजूला 'चि. सौ. कां.' वाचता येत होतं, आणि पोरांना तो जबडा आता जास्त आवडतो.

त्यामुळं माझं म्हणणं एवढंच आहे की ही पुस्तकं कपाटात जपून ठेवून 'हात लावू नको' म्हणायची नाहीत. ती फाटणारच, आणि फाटतील तेव्हा पोराला शेजारी बसवून दुरुस्त करायची. ही तयारी नसेल तर मात्र घेऊ नका, तिथं मी तुमच्याच बाजूची आहे.

आकाराचं तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. पुस्तकात मेगालोडॉन शार्क आणि साधा ट्रायलोबाइट, समुद्रातला किड्यासारखा छोटा जीव, एकाच पानात उभे राहतात, पान जेवढं तेवढाच प्राणी. म्हणून पानावरून सरळ बाहेर जायचं. टी-रेक्स साधारण १२ मीटर, आम्ही टेप लावून खडूनं बोळात आखला तर एका घराच्या पायरीपासून तिसऱ्या घराच्या नळापर्यंत गेला. "मावशी, ह्यो आपल्या बोळात वळंल का ओ?" वळला नसता. आणि पॅरासेराथेरियम, गेंड्यांचा बिनशिंगी प्राचीन भाऊबंद, जमिनीवरच्या सगळ्यात मोठ्या सस्तन प्राण्यांतला एक, त्याचा नुसता खांदा जवळपास १६ फुटांवर. आपल्या पोरांना गवा माहिती आहे, राधानगरी-दाजीपूरचा, कधी कधी शहराच्या कडेलाही येतो, तो खांद्याला जेमतेम सहा फूट तरी बघून पाय लटपटतात. गव्याच्या पाठीवर गवा आणि त्यावर अजून पाऊण गवा, असं सांगितलं की समजतं.

आणि परदेशी म्हणाल तर हा पॅरासेराथेरियम बलुचिस्तानातल्या बुग्ती टेकड्यांत सापडला, आपल्याच उपखंडात. शिवालिक टेकड्यांतलं शिवाथेरियम, जिराफाच्या कुळातलं पण अंगानं दांडगं, त्याला १८३६ मधे शिवाचं नाव दिलं गेलं. बारापासॉरस हा गोदावरी-प्राणहिता खोऱ्यातला डायनासोर, नावातच 'बडा पाय', आणि शास्त्रीय नावाचा पुढचा भाग टागोरांवरून, टागोरांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास सापडला म्हणून. त्याचा सांगाडा कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरांची हाडं तर सापडलीच, शिवाय दगड झालेलं शेण सापडलं, आणि २००५ मधे त्या शेणात गवताचे सूक्ष्म कण असल्याचं दाखवलं गेलं. तोवर समज असा होता की डायनासोरांच्या काळात गवतच नव्हतं. शेण हा विषय काढला की पोरं कशी ऐकतात ते तुम्हाला मी काय सांगू. कोल्हापुरात हाडं का नाहीत असंही विचारतात, तर आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, साधारण त्याच काळातला, त्यात हाडं कुठून टिकणार.

हे सगळं पुस्तकात नाही, बरोबर. तिथं तुमच्या तक्रारीत मी माझी एक घालते, पिसदुऱ्याचं पॉप-अप मराठीत मला अजून दुकानात दिसलेलं नाही आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून आम्ही स्वतः बनवायला घेतलंय, लग्नपत्रिकांचंच. वाचायला दहाच ओळी म्हणता, तर पोरांनी मराठीत लिहिलेल्या चिठ्ठ्या झडपांखाली चिकटवल्यात, त्या आता मोजल्या तर एकवीस आहेत.

पैशांचं राहिलं. एका घराला अठराशे जड आहेत, मलाही झाले असते. आम्ही सहा घरांनी भिशी लावली, महिन्याला शंभर, तीन महिन्यांत एक पुस्तक, आणि ते आठवड्याला घर बदलतं. ग्रंथालयांनी घेतली तर अजून चांगलं, करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू असलेल्या आपल्या गावात हे अवघड असू नये.

सर, रविवारी सकाळी नऊला या. शिवाथेरियमची मान पान मिटल्यावर एक बोटभर बाहेर राहते, तिसरी घडी खांद्याशी घ्यायची की कानामागं यावर पोरांचे दोन तट पडलेत, तुम्ही एकदा हातात घेऊन बघा.